भिंत एक, क्षेत्रफळं चार

रेव्हिट या इमारतीचं मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीवर क्लिक केलं की बाजूच्या पट्टीत ‘एरिया’समोर एक आकडा येतो. गणित म्हणून तो बरोबर असतो. पण तो जसाच्या तसा प्लास्टरच्या बिलात उतरवला की ठेकेदाराशी वाजलंच म्हणून समजा. तो आकडा नेमका कशाचा, हे आधी पाहू.

आतून ३.६० × ३.०० मीटरची एक खोली घ्या. भिंती नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर. उंची ३ मीटर. बाहेरचीही सोयीसाठी तेवढीच धरू. एक दार ०.९ × २.१ आणि एक खिडकी १.५ × १.२. आतून फेरा मारला तर घेर १३.२० मीटर भरतो, बाहेरून १५.०४ आणि भिंतीच्या मध्यरेषेवरून १४.१२. उंचीने गुणलं की आतलं क्षेत्रफळ ३९.६०, बाहेरचं ४५.१२ आणि मधलं ४२.३६ चौरस मीटर. दार-खिडकीचं मिळून ३.६९ चौरस मीटर. ते मधल्या आकड्यातून वजा केलं की ३८.६७. एकाच खोलीच्या भिंतींचे हे चार आकडे, आणि चारही खरे.

रेव्हिटच्या चार भिंतींची बेरीज साधारण या चौथ्या आकड्याशी जुळते. ते क्षेत्रफळ भिंतीच्या एकाच बाजूचं असतं आणि उघडी जागा त्यातून आधीच वजा झालेली असते. कोपऱ्यात एक भिंत आरपार जाते, दुसरी तिला टेकून थांबते; त्यामुळे कोपरा दोनदा मोजला जात नाही. वीटकामाला हा आकडा छान चालतो. ३८.६७ ला ०.२३ ने गुणा, ८.८९ घनमीटर, म्हणजे १०० घनफुटांच्या हिशेबाने ३.१४ ब्रास. (लिंटेलचं, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईचं, काँक्रीट इथे सोडून दिलंय.)

प्लास्टरची गोष्ट वेगळी. ‘दोन्ही बाजूंना प्लास्टर आहे, मग दुप्पट करा’ म्हटलं तर ७७.३४ चौरस मीटर होतात. पण आपल्याकडे मोजमाप चालतं आयएस १२०० या बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकाच्या भाग १२ प्रमाणे, आणि तिथला वजावटीचा नियम सॉफ्टवेअरला ठाऊक नसतो. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायचीच नाही. अर्ध्यापेक्षा मोठी पण तीनपर्यंतची असेल तर दोन्ही बाजू मिळून एकदाच वजा करायची, आणि चौकटीभोवतीच्या कडांचं प्लास्टर वेगळं मोजायचं नाही. तीनच्या वर गेली की दोन्ही बाजूंनी वजावट, आणि मग कडा मोजून त्यात मिळवायच्या.

आपलं दार १.८९ चौरस मीटरचं, खिडकी १.८० ची. दोन्ही मधल्या गटात बसतात. म्हणून हिशेब असा: ३९.६० अधिक ४५.१२ वजा ३.६९, म्हणजे ८१.०३ चौरस मीटर. दुप्पट करून काढलेला आकडा एवढ्याशा खोलीतच ०.४ ब्रासने (इथे ब्रास म्हणजे १०० चौरस फूट) कमी पडला.

नियम ठेकेदाराच्या बाजूचा वाटतो का? खिडकीच्या चारही कडा नि दाराच्या तीन कडा पूर्ण जाडीने मोजल्या तरी जेमतेम २.४ चौरस मीटर भरतात, आणि त्यांच्या बदल्यात ३.६९ मिळतात. पण ओळंबा धरून कड सरळ काढायला गवंड्याला सपाट भिंतीच्या कितीतरी पट वेळ लागतो. सौदा वाजवी आहे.

आणखी एक मेख आहे. आत साधं प्लास्टर आणि बाहेर दोन थरांचं असेल तर दर वेगळे असतात, मग ती एकदाची वजावट कुठल्या बाजूला टाकायची? चौकटीच्या ज्या बाजूला कड कमी रुंद दिसते त्या बाजूच्या प्लास्टरमधून; दोन्हीकडे सारखी असेल तर निम्मी निम्मी. मॉडेलमध्ये चौकट भिंतीच्या जाडीत नेमकी कुठे बसवली आहे, हे त्यासाठी पाहावं लागतं, आणि तिथे बहुतेक जण काहीतरी अंदाजाने बसवून मोकळे होतात.

बाथरूमचे झरोके तर अगदीच फसवे. ०.६ × ०.६ चा झरोका ०.३६ चौरस मीटरचा, म्हणजे वजावट शून्य. सॉफ्टवेअर मात्र तो इमानदारीने कापतं. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत प्रत्येकी दोन धरले तर ऐंशी झरोके, दोन्ही बाजू मिळून ५७.६ चौरस मीटर, म्हणजे ६.२ ब्रास प्लास्टर कागदावरून गायब.

आर्कीकॅड या रेव्हिटसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये यावर थोडा उपाय आहे. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये मोजणीचे नियम असतात. अमुक क्षेत्रफळापेक्षा मोठी उघडी जागाच वजा कर, असं तिथे सांगता येतं, आणि तक्त्यात ‘कंडिशनल’ क्षेत्रफळ निवडलं की तो नियम लागतो. ०.५ टाकलं की झरोके वाचतात. मधल्या गटाची एकाच बाजूची वजावट मात्र हातानेच सांभाळावी लागते. रेव्हिटमध्ये भिंतीच्या प्रकारातच आतल्या नि बाहेरच्या प्लास्टरचे थर द्यावेत आणि मटेरियल टेकऑफ, म्हणजे साहित्यवार मोजणीचा तक्ता, काढावा. आतलं-बाहेरचं वेगळं मिळतं. दार-खिडक्यांचा तक्ता वेगळा काढून त्यात रुंदी गुणिले उंची असा रकाना करावा आणि वजावट तिथून दुरुस्त करावी. त्या रकान्याचा प्रकार ‘एरिया’ निवडायला विसरलात तर एकक जुळत नसल्याची तक्रार येते.

बीमकडेही लक्ष हवं. भिंत थेट वरच्या मजल्यापर्यंत ओढली आणि ४५० मिलिमीटरचा बीम तिच्यात तसाच घुसलेला राहिला, तर तेवढी वीट फुकट मोजली जाते. ‘जॉइन जॉमेट्री’ने दोघांना जोडा. वीट कमी होईल, प्लास्टर नाही. ते बीमच्या बाजूवरही करावंच लागतं.

आता एककं. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, पण साइटवर ब्रास ठणठणीत आहे, तोही दोन अर्थांनी: प्लास्टरला १०० चौरस फूट, वाळू-खडीला १०० घनफूट. रेव्हिट तर पडद्यावर मीटर दाखवत असतानाही लांबी आतून फुटांतच साठवतं. एक फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर, त्यामुळे एकक बदलल्याने भिंत तसूभरही हलत नाही. घोळ माणसं घालतात. चौरस मीटरचे चौरस फूट करायला १०.७६४ ने गुणायचं असतं, घाईत ३.२८ ने गुणलं की हजार चौरस मीटरचे १०,७६४ ऐवजी ३,२८० होतात. ऑटोकॅडमध्ये मिलिमीटरमध्ये काढलेल्या रेखाटनाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये येतं, आपला ३८.६७ तिथे ३,८६,७०,००० दिसतो. भागायचं दहा लाखांनी, हजाराने नव्हे. आकडा आपोआप दाखवणारं ‘फील्ड’ वापरत असाल तर रूपांतराचा गुणक ०.०००००१.

बेरीज जुळत नाही ही तक्रारही नेहमीची. १०.०४ च्या तीन भिंती एका दशांश स्थळापर्यंत दाखवल्या तर ओळीत तीनदा १०.० दिसतं आणि खाली एकूण ३०.१. सॉफ्टवेअर मूळ आकड्यांची बेरीज करून मग ती ठरलेल्या दशांशापर्यंत आणून दाखवतं. मोजमाप पुस्तकात दोन दशांश लागतात, तेव्हा तक्त्यातही दोनच ठेवा: शेड्यूलमध्ये फॉरमॅटिंग, तिथे एरिया, मग फील्ड फॉरमॅट, आणि ‘यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज’वरची खूण काढायची. तिथेच युनिट सिम्बॉल ‘नन’ करा आणि ‘चौ. मी.’ रकान्याच्या मथळ्यात लिहा. नाहीतर तक्ता एक्सेलमध्ये नेल्यावर ‘३८.६७ चौ. मी.’ हा त्याच्या लेखी नुसता मजकूर ठरतो आणि बेरजेच्या घरात शून्य येतं.