पाय धुणाऱ्या गुरूची परंपरा

आपल्याकडे पाय धुतले जातात ते मानाच्या माणसाचे: गुरूचे, लग्नात नवऱ्या मुलाचे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राच्या, तेराव्या अध्यायात हे उलटे होते. भोजनावरून येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. गुलामाचे काम गुरूने करावे हे शिष्य पेत्राला सहन होत नाही. येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा तेव्हा अजून तिथेच आहे, ही गोष्ट वाचताना सहसा निसटते. विश्वासघात मनात घेऊन बसलेल्या माणसाचे पायही त्या रात्री धुतले गेले.

रोमन जगाला हे पचणे सोपे नव्हते. तिथे नमून राहणे हा खालच्यांचा भोग होता, सद्गुण नव्हे. फिलिप्पै ही रोमन वसाहत, इ.स.पू. 42 च्या लढाईनंतर निवृत्त सैनिक तिथे वसवले गेले होते. भूषवलेली पदे शिलालेखात एकेक करून कोरून ठेवणे ही तिथली प्रतिष्ठा. अशा शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला धर्मप्रसारक पौल तुरुंगातून पत्र लिहितो आणि दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताची वाटचाल सांगतो ती खाली उतरत जाणारी: देवाच्या स्वरूपात असूनही स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, मरण सोसले, तेही वधस्तंभावरचे. रोमन नागरिकाला सहसा न मिळणारी ही शिक्षा! ख्रिस्ती नम्रतेवर पुढे जे काही लिहिले गेले, त्यातले याहून धारदार मला काही सापडत नाही.

इ.स. 410 च्या सुमारास एका विद्याभिमानी तरुणाला संत ऑगस्टीन लिहितात की सत्याकडे जाणारी पहिली वाट नम्रता, दुसरी नम्रता आणि तिसरीही नम्रताच. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम लिहिले, त्यांत नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यांतले रोजचे काम: स्वयंपाकघराची आठवड्याची पाळी संपवणाऱ्याने आणि सुरू करणाऱ्याने मिळून सर्वांचे पाय धुवायचे, पाहुण्यांचे पाय खुद्द मठाधिपतीनेही. गर्व केवळ मनात आवरून आवरत नाही, हे त्यांना नेमके कळले होते.

हीच शिकवण उलटीही वापरली गेली. अमेरिकेत मालकांच्या बाजूच्या उपदेशकांनी गुलामांना नम्रता आणि आज्ञापालन शिकवले. ज्याला आधीच वाकवले आहे त्याला आणखी वाक म्हणणे ही येशूची शिकवण नव्हे. त्या रात्री वाकला तो गुरू. इंग्लंडचे राजेही गरिबांचे पाय धुत असत. पुढे धुणे बंद पडले, नाणी वाटणे तेवढे उरले.

कॅथलिक चर्चमध्ये 1955 च्या सुधारणेने पाय धुण्याचा हा विधी पवित्र गुरुवारच्या (ईस्टरआधीच्या गुरुवारच्या) सायंकाळच्या मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनेत, आला, पण पाय पुरुषांचेच धुवायचे होते. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि त्यांनी बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. जानेवारी 2016 मध्ये नियमच बदलला: स्त्रिया, तरुण, वृद्ध, आजारी, देवाच्या प्रजेतल्या कोणालाही आता या विधीसाठी निवडता येते.