बुद्धीचे त्रैविध्य

सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांपैकी माणसाच्या स्वभावात ज्याचा जोर असेल, त्याप्रमाणे त्याचा बऱ्यावाईटाचा निवाडा ठरतो, असा भगवद्गीतेतील विचार. १८व्या अध्यायातल्या ३० ते ३२ या श्लोकांत तो आला आहे. काय करावे, काय टाळावे, कशाला भ्यावे आणि कशाला नाही, हे नेमके ओळखते ती सात्त्विक बुद्धी. धर्म-अधर्म जिला आहेत तसे उमगत नाहीत ती राजस. अधर्मालाच धर्म मानते ती तामस.

गुणांची कल्पना सांख्य या प्राचीन दर्शनाची. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत (कारिका २३) बुद्धीची सात्त्विक आणि तामस अशी दोनच रूपे सांगितली आहेत. गीतेत मात्र त्या दोहोंच्या मध्ये राजस बुद्धीही आहे. बहुतेक माणसे तिथेच सापडतील.

बोलीतले अर्थ इथे दिशाभूल करतात. मराठीत 'राजस' म्हणजे देखणा, लोभस. 'तामसी' म्हणजे तापट. गीतेतला तामस मात्र चिडका असेलच असे नाही. वाईट आहे हे जाणून तो वाईट करतो असेही नाही. त्याच्या लेखी ते कृत्य धर्मच असते. म्हणून त्याला समजावणे सर्वांत अवघड. ज्ञानेश्वरांनी यावर नेमके दृष्टांत दिले आहेत : राजा जातो ती वाट चोरांना आडरान वाटते, उजाडते ती राक्षसांची रात्र. राजस बुद्धीचे वागणे डोळ्यांवाचून मोती घेण्यासारखे. खरा हाती लागलाच तर तो योगायोग.

लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) या श्लोकांचा उपयोग पाश्चात्त्य नीतिशास्त्रातील एका मताविरुद्ध केला. प्रत्येकाच्या अंतःकरणात सदसद्विवेकाची स्वतंत्र देवता असते आणि तिचा कौल प्रमाण मानावा, असे ते मत. टिळकांच्या मते अशी वेगळी देवता नाही. निवडणारी बुद्धी एकच, आणि ती सात्त्विक, राजस वा तामस असू शकते. 'माझे मन मला सांगते' एवढ्याने भागत नाही. ते मन कसे घडले आहे, हे आधी पाहावे लागते.

स्वभावाचे हे साचे बंदिस्त नाहीत. एक गुण इतर दोघांना दाबून वर येतो, असे गीताच म्हणते (१४.१०). चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात तर सात्त्विक ७, राजस ६ आणि तामस ३ असे मनाचे १६ प्रकार वर्णिले आहेत.

खरी अडचण जबाबदारीची. प्राणी आपल्या प्रकृतीनुसार वागतात, तिथे निग्रह काय करणार, असे गीतेतला ३.३३ हा श्लोक म्हणतो, लगेच पुढचा श्लोक रागद्वेषांच्या (म्हणजे आसक्ती आणि द्वेष यांच्या) ताब्यात जाऊ नको असे बजावतो. भाष्यकारांनी या दोहोंचा मेळ घालायचा खूप प्रयत्न केला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप अधिक मूलगामी होता. १८व्या अध्यायातच पुढे (१८.४१) चार वर्णांची कर्मे स्वभावजन्य गुणांनुसार वाटली आहेत. जन्मजात गुणांच्या सिद्धान्ताने चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार पुरवला, असे आंबेडकरांनी दाखवले.