अठरा वर्षांच्या मुलीच्या रक्तात गर्भाचं प्रथिन

‘सीए-१२५ ही रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर नाही, आणि तसाही तो पन्नाशीनंतरचा आजार’ असा एक मेसेज दर काही महिन्यांनी फिरत फिरत माझ्या फोनवर येतो. अंडाशयाच्या आवरणातून उद्भवणाऱ्या नेहमीच्या कॅन्सरला यातलं वयाचं विधान बरंचसं लागू पडतं, तपासणीचं तिथेही पूर्ण लागू पडत नाही. पण अंडाशयाच्या आत बीजं असतात, आणि क्वचित त्या जननपेशींचाच कॅन्सर होतो. तो गाठतो शाळा-कॉलेजातल्या मुलींना. त्यातल्या ‘योक सॅक ट्यूमर’ या प्रकाराबद्दल मला लिहायचं आहे.

अंड्यातला पिवळा बलक सगळ्यांनी पाहिलाय. माणसाच्या गर्भालाही त्या बलकाच्या जागी एक पिशवी असते, पीतककोश, म्हणजेच योक सॅक. तिच्यात बलक नसतो, पण सुरुवातीच्या रक्तपेशी तिथेच तयार होतात आणि अल्फा फीटोप्रोटीन (एएफपी) नावाचं प्रथिनही. पुढे हे काम गर्भाचं यकृत उचलतं. जन्मानंतर हे जनुक जवळजवळ बंद होतं आणि अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रथिनाचा कारभार सुरू राहतो. ही दोन्ही जनुकं चौथ्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत, एकाच घराण्यातली. नवजात बाळाच्या रक्तात एएफपी हजारोंनी असतं, मोठ्या माणसात साधारण दहाच्या आत (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर).

आता गंमत अशी की भावी बीजपेशी अंडाशयात जन्मतच नाहीत. गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा असताना त्या याच पीतककोशाच्या भिंतीत दिसतात आणि तिथून सरपटत आपल्या जागी पोचतात. पूर्ण जीव घडवायचं सामान त्यांच्याकडे असतंच. अशी एखादी पेशी बिघडली की कधी कधी गर्भाऐवजी पीतककोशच रचायला घेते, आणि तोही बेसुमार. मग बंद पडलेलं जनुक पुन्हा चालू होतं आणि अठरा वर्षांच्या मुलीच्या रक्तात एएफपी हजारोंत जातं.

हे कोडं सुटायला वेळ लागला. १९३९ मध्ये पॅथॉलॉजिस्ट वॉल्टर शिलर यांना सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीत मधोमध एक रक्तवाहिनी आणि तिच्याभोवती पेशींची झालर दिसली. त्यांना ती मूत्रपिंडाच्या प्राथमिक रचनेसारखी वाटली. डेन्मार्कच्या गुन्नार टायलम यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं की ही तर उंदराच्या वारेतल्या पीतककोशाच्या रचनेची नक्कल आहे. ती रचना फ्रेंच शास्त्रज्ञ ड्युव्हाल यांनी एकोणिसाव्या शतकातच चितारून ठेवली होती. म्हणून आजही पॅथॉलॉजिस्ट रिपोर्टात ‘शिलर-ड्युव्हाल बॉडीज’ लिहितात.

मुलीचं पोट काही आठवड्यांतच वाढतं आणि दुखतं. लग्न झालेलं नसेल तर शेजारपाजारी कुजबुज आधी सुरू होते, सोनोग्राफी नंतर. दुसऱ्या एका प्रकारच्या, बहुधा साध्या गाठीत केस आणि दात सापडतात, तेव्हा तर ‘करणी’ ठरलेलीच. अहो, त्वचा आणि दात घडवायच्या सूचना प्रत्येक बीजपेशीत असतात, त्यासाठी मांत्रिक लागत नाही. आणि योक सॅक ट्यूमर इतका झपाट्याने वाढतो की दोन महिने काढा घेऊन बघण्याची चैन परवडत नाही.

सोनोग्राफीबरोबर एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तीन रक्ततपासण्या होतात. गाठ फुटून पेशी पोटात सांडू नयेत म्हणून सहसा सुई घालून तुकडा काढत नाहीत. ऑपरेशनमध्ये बिघडलेलं अंडाशय आणि त्या बाजूची नळी काढतात. दुसरं अंडाशय आणि गर्भाशय बहुतेक वेळा राखता येतं. मग बीईपी ही केमोथेरपी, म्हणजे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन, दर २१ दिवसांनी, तीन-चार वेळा. सिसप्लॅटिन येण्याआधी या आजारातून फारच थोड्या मुली वाचत. आज लवकर सापडला तर बहुतेक बऱ्या होतात. या पेशींचा स्वभावच असा की डीएनए तुटला की दुरुस्तीच्या फंदात न पडता त्या मरून जातात. सिसप्लॅटिनमधलं प्लॅटिनम नेमका तोच घाव घालतं. अर्थात ते कानाला आणि मूत्रपिंडालाही सोडत नाही, आणि ब्लिओमायसिन फुप्फुसाला त्रास देऊ शकतं.

खरी मजा पुढच्या हिशोबात आहे. गाठ पूर्ण गेली असेल तर एएफपी पाच-सात दिवसांत निम्मं होतं. समजा १२,८०० होतं आणि निम्मं व्हायला सहा दिवस धरले: ६,४००, ३,२००, १,६००... दहा वेळा निम्मं केलं की साडेबारा, म्हणजे साठ दिवस. लॅबच्या चिठ्ठ्या तारखेवार लावल्या की उतार डोळ्यांना दिसतो. एखादा आकडा मध्येच अडला किंवा पुन्हा चढला, तर स्कॅनमध्ये काही दिसण्याआधीच डॉक्टर सावध होतात.

याला एक अपवाद मात्र आहे. बरी झालेली मुलगी काही वर्षांनी गरोदर राहिली की तिचं एएफपी पुन्हा वाढतं. तेव्हा तेवढे महिने हा आकडा पाळतीच्या कामाचा राहत नाही, कारण आता ते प्रथिन बाळाचं असतं.