पीएचपीतला & आणि केळीचं चुकलेलं बिल

रावेर-सावद्याकडच्या केळी व्यापाऱ्यासाठी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत बिलाचा प्रोग्राम लिहायचाय, असं धरा. ट्रकच्या वजनातून घट वजा करणारं एक फंक्शन, म्हणजे नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा, आहे. त्याला 120 क्विंटल दिले, त्याने आत 5 वजा केले, तरी बाहेरच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा ठेवलेल्या नावाच्या डब्यात, 120च. फंक्शनच्या हाती फक्त किंमत (व्हॅल्यू, म्हणजे आतला आकडा) पडते, मूळ व्हेरिएबल नाही. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर खाडाखोड करून तलाठ्याच्या दप्तरातली नोंद थोडीच बदलते!

मूळच बदलायचं असेल तर फंक्शन लिहिताना पॅरामीटरच्या (फंक्शनला मिळणाऱ्या किमतीला आत दिलेल्या नावाच्या) आधी & लावतात. बोलावताना मात्र लावायचा नाही. जुन्या कोडमध्ये तसा राहिला असेल तर 5.4 आवृत्तीपासून प्रोग्राम चालतच नाही. अशा फंक्शनला नुसता 120 हा आकडा दिला तरी एरर, कारण बदल ठेवायला व्हेरिएबल हवं. क्रम लावणारं ‘सॉर्ट’ही यातलंच. ते ॲरे (किमतींची यादी) जागेवरच लावतं आणि परत देतं फक्त ‘ट्रू’. ते उत्तर त्याच ॲरेत ठेवलं की यादी गेली.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘फॉरईच’, म्हणजे ॲरेतल्या एकेका खान्यावरून फिरणारा लूप. वजनं 120, 95, 140. पहिल्या लूपमध्ये $व या व्हेरिएबलसमोर & लावून प्रत्येकातून 5 वजा केले: 115, 90, 135. इथवर ठीक. लूप संपला तरी $व शेवटच्या खान्याला चिकटलेलाच असतो. आता छपाईच्या दुसऱ्या लूपमध्ये & न लावता पुन्हा $व वापरला, की फेरीगणिक आलेली किंमत त्या शेवटच्या खान्यात जाऊन पडते: आधी 115, मग 90. तिसऱ्या फेरीत तिथे 90च सापडतात. बिलावर 115, 90, 90. एकूण 340 ऐवजी 295 क्विंटल. 1500 रुपये भावाने शेतकऱ्याचे 67,500 रुपये बुडाले, आणि एररचा एक शब्द नाही. उपाय एका ओळीचा: पहिला लूप संपताच $व ‘अनसेट’ करा.

‘ॲरे मोठा आहे, & लावला की मेमरी वाचेल’ म्हणून तो जागोजागी टाकणारे पुष्कळ. गरज नसते. फंक्शन ॲरेत बदल करेपर्यंत पीएचपी त्याची प्रत काढतच नाही. नुसती बेरीज करायची तर साधा पॅरामीटर पुरतो. ऑब्जेक्टलाही (संबंधित माहिती एकत्र ठेवणाऱ्या गठ्ठ्यालाही) सहसा & लागत नाही. त्याची प्रॉपर्टी (त्यातली एखादी माहिती) फंक्शनच्या आत बदलली तर बाहेर दिसते. पण पॅरामीटरमध्ये नवाच ऑब्जेक्ट ठेवला, तर बाहेर जुनाच राहतो.