पाटीवरचं अक्षर: पेंटरपासून कायद्यापर्यंत

जुन्या बाजारपेठेत एखाद्या दुकानावर अजून ‘आणि कं.’ वाचायला मिळतं. वर मधोमध ‘श्री’, कोपऱ्यात स्थापनेचं साल, आणि तळाला बारीक अक्षरांत ‘आमची कोठेही शाखा नाही’. या शेवटच्या ओळीची आपण पुष्कळ थट्टा केली, पण तिच्यामागे रोकडा हिशेब होता. दुकानाचं नाव झालं की त्याच आडनावाची दुसरी पाटी जवळपास लागायची. गिऱ्हाईक तिकडे वळू नये म्हणून हा खुलासा.

ही अक्षरं हाताची होती. पेंटर पत्र्याला प्रायमर मारायचा, त्यावर ऑइल पेंटचे दोन हात द्यायचा, खडूची पूड लावलेली दोरी ताणून सोडली की सरळ रेघ उमटायची. त्या रेघेवर शिरोरेषा. मग खडूने अक्षरं बेतायची, कारण देवनागरीला जागा वरही लागते आणि खालीही: वेलांटी, रफार, मात्रा, उकार. नाव लांब असलं की शेवटची अक्षरं जरा दाटीने बसायची, पण त्या दाटीतही हात ओळखू यायचा. शेवटी अक्षराच्या एका अंगाला शेड, आणि कोपऱ्यात पेंटरची सही. अशी पाटी पाहिली की हा माणूस उद्या गाशा गुंडाळणार नाही, असं गिऱ्हाइकाला न सांगता वाटायचं.

२००० नंतर फ्लेक्स आला आणि पाटी स्क्वेअर फुटाच्या भावाने मिळू लागली. सकाळी मजकूर द्या, संध्याकाळी टांगा. डीटीपीवाल्याकडचे ठरलेले दोन-चार फाँट सगळ्या गावाला पुरले. मेडिकल, मोबाईल, वडापाव, सगळ्यांचं अक्षर एकच. दोन-तीन उन्हाळ्यांत लाल उडतो, निळा उरतो आणि चालतं दुकानही बंद पडल्यासारखं दिसतं.

याच काळात पाटीवरचा वाद अक्षराकडून भाषेकडे गेला. मराठी पाटीचा नियम १९४८च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली आधीपासून होताच. पाळला कमी जायचा. २००८मध्ये त्यावरून मुंबईत आंदोलनं झाली. २०१७चा नवा कायदा मुख्यतः दहा किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी होता, त्यामुळे लहान दुकानं सुटली. ती फट २०२२च्या दुरुस्तीने बुजवली: नाव मराठीत, सुरुवातीला, आणि इतर कुठल्याही लिपीपेक्षा लहान नाही. पाट्यांच्या सक्तीविरुद्ध व्यापारी न्यायालयात गेले होते. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, आणि सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिने दिले. दसरा-दिवाळी तोंडावर होती.

कायद्याने आकार ठरवला, तो ठरवता येतो म्हणून. पण फाँटचा आकार तोच ठेवला तरी मात्रा-उकारांना जागा देण्यात देवनागरी अक्षराचं अंग आक्रसतं आणि शेजारचं रोमन अक्षर थोराड दिसतं. त्यात इंग्रजी लोगो डिझायनरने घडवलेला, मराठी नाव दंड टळावा म्हणून चिकटवलेलं. मराठी वाचणाऱ्याला हे लगेच कळतं, आणि या दुकानाला आपण कितपत हवे आहोत तेही. आमच्या भागातल्या एका कॅफेची पाटी अशीच घाईत लागली. त्या घाईत ‘कॉफी’वरचा चंद्र राहून गेला, आणि गेली कित्येक महिने तिथे ‘काफी’ मिळते आहे.