श्वास कमी पडत नाही, उरतो

मृग लागला की गोव्यात दोन गोष्टी हमखास होतात. भिंतींना ओल चढते आणि दमेकऱ्यांना फुकटचे सल्ले मिळू लागतात. परवा साखळीहून पणजीला येताना बसमध्ये एका बाईंनी पर्समधून पंप काढून ओढला, तर शेजारच्या गृहस्थांनी न विचारताच निदान केले, "मनाचे खेळ हे. घाबरता म्हणून धाप लागते."

राग आला खरा, पण पणजी येईपर्यंत वाटू लागले, की गृहस्थ चार आणे बरोबर होते. दमा मनातून उपजत नाही. श्वासनलिकांना आलेली सूज, त्यांच्या भोवतीचे आवळलेले स्नायू आणि चिकट कफ या तिघांचा तो कारभार. पण नळ्या आवळल्यावर भीती जे करते, ते शाळेतल्या गणिताने मांडता येते.

शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण 15 श्वास घेतो, म्हणजे एका श्वासाला 4 सेकंद. दीड घ्यायला, अडीच सोडायला असे धरू. श्वास घेताना फुप्फुस फुगते, त्याबरोबर नळ्याही ताणून थोड्या रुंद होतात; सोडताना त्या पुन्हा अरुंद. म्हणून दम्यात अडते ते मुख्यतः सोडताना. त्यात संथ प्रवाहाचा नियम असा, की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर विरोध दुप्पट नव्हे, 16 पट होतो. अशा माणसाला अडीच सेकंदही अपुरे. आणि आता तो घाबरतो. श्वास मिनिटाला 30 वर जातात, सोडायला जेमतेम सव्वा सेकंद उरतो. जुनी हवा बाहेर पडायच्या आत नवी येते. दर श्वासाला थोडी शिल्लक साठते, छाती फुगत जाते, खालचे घुमटासारखे श्वासपटल सपाट होते आणि त्याला खाली ओढायला जागाच उरत नाही. मेंदूला एवढेच कळते, की हवा येत नाही; तो आणखी जोराने ओढायला लावतो. भरल्या घागरीत पाणी ओतणेच ते! छाती हवेने तुडुंब, आणि माणूस म्हणतो श्वास मिळत नाही. शरीरशास्त्रात याहून देखणा विरोधाभास मला ठाऊक नाही (भोगणाऱ्याने हे विशेषण माफ करावे).

म्हणून फिजिओथेरपिस्ट ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवतात. गरम पेज फुंकून निववतो ना, तसे. पंपाच्या जोडीला हं, पंपाऐवजी नव्हे. 'पंपाची सवय लागते' या भीतीने तो लपवणारे, टाळणारे कमी नाहीत.

मृगावरच आपल्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि तिकडे हैदराबादेत दम्यासाठी जिवंत मासा गिळायला रांगा लागतात. बरे वाटते म्हणतात. वाटतही असेल. 2011 साली बॉस्टनच्या संशोधकांनी दमेकऱ्यांना आळीपाळीने खरा पंप, औषध नसलेला पंप आणि लुटुपुटीचे ॲक्युपंक्चर दिले. बरे वाटण्याचे प्रमाण तिन्हींत जवळपास सारखे, 45 ते 50 टक्के. पण जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजली, तेव्हा खऱ्या पंपाने ती 20 टक्के वाढली, बाकीच्यांनी सुमारे 7. आणि काहीच न देतासुद्धा तेवढीच.

वाटणे आणि असणे यांतली ही फट दम्यात फार छळते. साधी धडधडही दम्याचा ॲटॅक वाटते, खरा ॲटॅक कधी 'जरा थकवा' वाटतो. चिंता आणि नैराश्य दमेकऱ्यांत इतरांपेक्षा जास्त आढळते. दिवाळीतल्या नरकासुर-दहनाच्या रात्रीचा धूर नको म्हणून दार लावून बसणारे माणूस हळूहळू चवथीच्या आरतीलाही जाईनासे होते.

आमच्या शेजारच्या वहिनींनी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकलेली हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारे यंत्र, घेतला. प्लॅस्टिकची नळी, आत सरकणारा काटा. सकाळ-संध्याकाळ त्यात फुंकतात आणि आकडा कॅलेंडरवर, पोदेराच्या पावांच्या हिशेबाशेजारी लिहितात. रात्री छाती भरल्यासारखी वाटली की आधी फुंकून बघतात. आकडा नेहमीचा असला तर पेज निववत बसतात. उतरलेला असला तर डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद फ्रिजवर चिकटवलेलाच आहे.