मैदानात बेस कुठे जातो?

भाच्याची बेस गिटार आमच्या हॉलमध्ये वाजली की शोकेसच्या काचा थरथरतात आणि खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून येतात. तोच भाचा, तीच गिटार आणि तोच आठ इंची स्पीकरचा ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, डिसेंबरात सोसायटीच्या मैदानावर गेला. मी पंधरा-वीस पावलांवर खुर्ची टाकून बसलो होतो. ड्रम ऐकू येत होते, गाणं ऐकू येत होतं, भाच्याची बोटं हलताना दिसत होती. बेस, म्हणजे तळाचे जाड स्वर, मात्र गायब. सामान आवरताना त्याने विचारलं, "मामा, आता किती वॅटचा घेऊ?"

दुकानातही पहिला प्रश्न हाच असतो, त्यामुळे त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. पण वॅटवरून सुरुवात केली की माणूस हमखास फसतो.

बेस गिटारची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. हवेत ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर धावतो, म्हणजे या स्वराची एक लाट सुमारे ८.३ मीटर लांब. आमच्या हॉलमध्ये ती मावतसुद्धा नाही. भिंती, छत, फरशी यांच्यावर आदळून ती पुन्हापुन्हा कानाशी येते. घरातला तो दणदणीत बेस अर्धाअधिक खोलीने वाजवलेला असतो. मैदानात ही फुकटची मदत संपते. जमीन तेवढी उरते, बाकी लाट सगळीकडे पसरत जाते आणि अंतर दुप्पट झालं की आवाजाच्या जोराचे ६ डेसिबल उतरतात. एक मीटरवर जेवढा आवाज असेल, त्यातले २४ डेसिबल सोळा मीटरवर गेलेले असतात.

यावर भाच्याने बिनतोड शंका काढली: अंतराने सगळेच स्वर सारखे उतरत असतील तर गायिकेचा आवाज कसा पोहोचला?

त्याचं उत्तर कानात आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली माणसाच्या कानाचा हा पक्षपात मोजून कागदावर मांडला. १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १००० कंपनांचा, स्वर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढंच मोठं वाटायला ४० हर्ट्झच्या स्वराला ८० डेसिबलच्या वर जावं लागतं. त्यातही एक खोच आहे. खालच्या पट्टीत डेसिबल थोडेसे घसरले तरी कानाला आवाज धाडकन पडल्यासारखा वाटतो. म्हणून मागे मागे सरकत गेलं की गाणं हळू होत जातं आणि बेस नाहीसाच होतो.

मग मिरवणुकीतल्या डीजेचा बेस चार गल्ल्या सोडून छातीत कसा धडधडतो? तिथे अठरा इंची स्पीकरांची भिंत आणि हजारो वॅट असतात. सुरुवातच एवढी प्रचंड की उतरूनही भरपूर उरतं. शिवाय लांब लाटा इमारतींना वळसा घालतात, हवाही त्यांना फारशी शोषत नाही. वरचे स्वर वाटेत गळतात आणि आपल्या खिडकीपर्यंत फक्त ढुम्म ढुम्म येतं.

आता वॅट. १०० वॅटच्या जागी २०० वॅट घेतले तर पदरात पडतात ३ डेसिबल. फरक कळतो, पण पैसे गेले तेवढा नाही. स्पीकरच्या माहितीपत्रकात कोपऱ्यात लिहिलेला एक आकडा याहून जास्त कामाचा असतो: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात. याला संवेदनशीलता म्हणतात. एकाची ९० आणि दुसऱ्याची ९६ असेल, तर दुसरा स्पीकर १०० वॅटवर जे करतो ते करायला पहिल्याला ४०० वॅट लागतील. हा आकडा सगळ्या पट्टीची सरासरी असतो आणि अगदी तळाच्या स्वरांना खरी कामगिरी त्याहून बरीच कमी भरते. तरीही वॅटपेक्षा मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो. कंपनीने तो छापलाच नसेल तर मी तरी तो ॲम्प उचलणार नाही.

एवढ्याशा डब्यातून जमीन हादरवणारा बेस, असली जाहिरात दिसली की अँटन हॉफमन आठवावा. केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीच्या नावातला एच तो हाच. त्याचा नियम असा: लहान डबा, खोल बेस आणि कमी शक्तीत मोठा आवाज, यातल्या कुठल्याही दोन गोष्टी मिळतील, तिसरी सोडावी लागेल. बेसमध्ये हवा ढकलायची असते, त्यासाठी शंकूचं क्षेत्रफळ लागतं. दोन दहा इंची स्पीकर मिळून एका आठ इंचीच्या तिप्पट क्षेत्रफळ देतात.

वजनाची गोष्ट मात्र खरोखर सुधारली आहे. १९६९ साली आलेल्या ॲम्पेग एसव्हीटी या बेस ॲम्पमध्ये चौदा व्हॅक्यूम ट्यूब होत्या, शक्ती ३०० वॅट, आणि नुसतं हेड, म्हणजे स्पीकर सोडून उरलेला भाग, उचलायला दोन माणसं लागत. त्याच वर्षीच्या दौऱ्यात रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडने ते वापरलं. त्यांच्याकडे हमाल होते. आज तेवढ्याच वॅटचं हेड पुस्तकांच्या दप्तरात मावतं. त्यातला क्लास डी ॲम्प सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतो, अर्धवट उघड्या नळासारखा मधल्या अवस्थेत रेंगाळत नाही. त्यामुळे वीज उष्णतेत फारशी वाया जात नाही आणि थंड ठेवणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्या लागत नाहीत. स्पीकरमध्ये निओडिमियमचे चुंबक आल्यामुळे कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचे डबेही हलके झाले. एक बारीक अक्षरातली गोष्ट: हेडवर छापलेले वॅट बहुधा ४ ओहमसाठी असतात (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचं माप). ८ ओहमचं एकच कॅबिनेट जोडलं तर त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतात.

वीज कुठून आणायची, हा मैदानातला पुढचा प्रश्न. संगीतात क्षणिक ठोके मोठे आणि सरासरी लहान असते. २०० वॅटचा ॲम्प जोरात वाजवला तरी त्याची सरासरी २५ वॅटच्या आसपास धरतात. हेडची स्वतःची भूक आणि इन्व्हर्टरची गळती मिळवून ४० ते ४५. तीन तासांना सुमारे १३० वॅट-तास झाले. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ ॲम्पियर-तासाची लेड बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते आणि ती निम्म्याखाली उतरवत राहिलं तर लवकर मरते. १२.८ व्होल्ट, २० ॲम्पियर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २५६ देते, तीही तेवढ्याच क्षमतेच्या लेड बॅटरीपेक्षा कमी वजनात. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा, स्वस्तातल्या चौकोनी लाटेचा ॲम्प गुणगुणायला लागतो. अंगणात चार मित्र आणि एक साधी गिटार एवढाच बेत असेल, तर रोलंडचा मायक्रो क्यूब बेस आरएक्स हा छोटा ॲम्प सहा पेन्सिल सेलवरही चालतो. त्यात चार इंची चार स्पीकर आहेत. ड्रमसेटसमोर त्याचा निभाव लागणार नाही.

बॅटरी वाचवायची एक युक्ती भाच्याला पटायला वेळ लागला: तळाचे स्वर कापून टाक. तेवढ्याच जोरात आवाज एक सप्तक खाली न्यायचा तर स्पीकरच्या शंकूला चौपट मागेपुढे हलावं लागतं. लहान स्पीकर तिथे नुसता धापा टाकतो. हाय-पास फिल्टर लावून ४०-५० हर्ट्झच्या खालचं काढलं तर शक्ती ऐकू येणाऱ्या भागात जाते. आणि ई तारेचा स्वर ई म्हणूनच ऐकू येतो, कारण तिच्यातून ८२, १२४, १६५ हर्ट्झचे वरचे स्वरही निघतात आणि मेंदू त्यांच्यावरून गाळलेला ४१ भरून काढतो. जुन्या टेलिफोनमधून ३०० हर्ट्झच्या खालचं काहीच जात नसे, तरी फोनवर बाबांचा जाड आवाज बाबांचाच वाटायचा.

शेवटी त्याने दोन दहा इंची स्पीकरचं ४ ओहमचं कॅबिनेट आणि क्लास डी हेड घेतलं. संध्याकाळी मैदानावर चाचणी केली. कॅबिनेट जमिनीवर होतं, मागे मीटरभर अंतरावर कंपाउंडची भिंत. मी समोर सोळा मीटरवर उभा राहिलो. सगळे स्वर येत होते, डी तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा एफ तेवढा पोकळ लागत होता. हिशेब जुळला: भिंतीपर्यंत जाऊन यायला दोन मीटर जास्त, म्हणजे चार मीटरच्या लाटेची बरोबर अर्धी लांबी. भिंतीवरून परतलेली ८६ हर्ट्झची लाट समोर जाणाऱ्या लाटेला खोडत होती आणि एफ आहे ८७ हर्ट्झचा. दोघांनी मिळून कॅबिनेट भिंतीला टेकवलं. त्याने पुन्हा एफ छेडला. तो आला, आणि त्याच्या पाठोपाठ पहिल्या मजल्यावरची आजींची खिडकी उघडली.